संध्याकाळची प्रार्थना घरात परत कशी सुरू करायची आणि टिकवायची

हे लिहितेय ते गोव्यात राहणाऱ्या आपल्या मराठी ख्रिस्ती घरांसाठी. कुणी वसईहून लग्न करून आलंय, कुणी सावंतवाडी-बेळगावहून नोकरीसाठी, कुणाचा जन्मच वास्कोचा किंवा म्हापशाचा. रविवारी चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर आवारात उभ्या राहिलेल्या बायका एकमेकींना विचारतात, तुमच्याकडे रोझरी होते का गं रोज, आणि बहुतेक वेळा उत्तर येतं, पूर्वी व्हायची, आता कुणाला वेळच नसतो. मला हे पटत नाही. तासभर मोबाईल बघायला वेळ असतो सगळ्यांना. प्रार्थना बंद पडते ती दुसऱ्याच दोन कारणांनी. एक तर ती फार लांब असते, आणि दुसरं म्हणजे प्रार्थनेच्या नावाखाली घरातल्या कुणाला तरी टोमणे बसत असतात. ही दोन कारणं काढून टाकली ना, की पोरंसुद्धा येऊन बसतात.

आधी लांबी कमी करा

रोझरी ही माळेवर म्हणायची मरियेची प्रार्थना; पूर्ण रोझरी म्हणजे पाच दशकं, एका दशकात दहा नमो मरिया, घाई न करता म्हटली तर वीस मिनिटं सहज जातात. त्यावर लादाईन (मरियेची एकेक नावं घेत म्हणायची विनंती), मग घरच्या संतांच्या प्रार्थना, मग मेलेल्यांसाठी, असं करत जुन्या घरांमध्ये पाऊण तास व्हायचा आणि तेव्हा ते जमायचंही कारण संध्याकाळी सातला चर्चची आंजेलुसची, म्हणजे संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा झाली की बाहेर कुठे जायचंच नसायचं. ज्या घरात बरेच महिने काहीच झालं नाहीये तिथे एकदम हे सगळं लादू नका. चौथ्या दिवशी मुलांना अभ्यास आठवतो आणि नवऱ्याला अंघोळ.

एकच दशक घ्या. एक प्रभूची प्रार्थना, दहा नमो मरिया, शेवटी पित्याला गौरव. चार-पाच मिनिटांचं काम. दशक म्हणताना येशू-मरियेच्या आयुष्यातला एक प्रसंग मनात धरायचा, त्याला रहस्य म्हणतात. सोमवारी आणि शनिवारी आनंदाची रहस्यं, मंगळवार-शुक्रवार दुःखाची, बुधवार-रविवार गौरवाची, आणि गुरुवारी प्रकाशाची, जी संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002 मध्ये घातली. त्या दिवसाच्या पाचांतलं एक रहस्य निवडायचं, निवडण्याचं काम मुलांना द्या. ऑक्टोबर हा रोझरीचा महिना, तेव्हा वाटलं तर पाचही दशकं करा, घरातून मागणी आली तरच.

मी सांगते तो क्रम असा. क्रुसाची खूण. मग प्रत्येकाने आजच्या दिवसातली एक गोष्ट सांगायची जिच्यासाठी देवाचे आभार मानावेसे वाटतात. एकच, आणि खरी. "सगळ्यासाठी धन्यवाद" चालणार नाही. आमच्याकडे धाकटीने एकदा सांगितलं की आज बसमध्ये खिडकी मिळाली, त्यावर मोठा हसला, पण दुसऱ्या दिवशी त्यानेही असंच छोटंसं काहीतरी सांगितलं आणि त्यातूनच कळलं की कॉलेजात तो डबा एकटाच खातोय. हे एरवी विचारून कळलं नसतं. आभारानंतर शुभवर्तमानातली सात-आठ वचनं. कुठून सुरुवात करायची कळत नसेल तर मार्कपासून करा, सगळ्यात लहान आहे, 16 अध्याय, रोज एवढं वाचलं तरी साधारण तीन महिन्यांत पूर्ण होतं. वाचून झाल्यावर प्रवचन नको, कुणाला काही विचारायचं असेल तर विचारेल. मग दशक. मग नावं, म्हणजे आजारी कोण, परीक्षा कुणाची, गेलेलं कोण, नुसती नावं घ्यायची. आणि सगळ्यात शेवटी बेसांव, म्हणजे मोठ्यांचा आशीर्वाद.

बेसांव सोडू नका. तुम्ही बाहेरून आला असाल तर सुरुवातीला वेगळं वाटेल, पण गोव्यातल्या ख्रिस्ती घरातली ही फार सुंदर रीत आहे, प्रार्थना संपली की लहानांनी मोठ्यांकडे जायचं, हात जोडून आशीर्वाद मागायचा आणि मोठ्यांनी द्यायचा. सकाळी कितीही आरडाओरडा झालेला असो, दिवस संपताना प्रत्येक मूल एकदा आई-बाबांच्या, आजी-आजोबांच्या समोर येऊन उभं राहतं. आणि मोठ्यांनी तेव्हा नुसतं पुटपुटू नये, डोक्यावर हात ठेवावा, नाव घेऊन द्यावा.

भाषेवरून भांडू नका

सासरे कोकणीत सुरू करतात, नमान मारिये, तुम्हाला येतं नमो मरिये कृपापूर्णे, आणि मुलांना शाळेमुळे इंग्लिशमधलंच पाठ. तिन्ही चालतात. अर्धी नमो मरिया एकाने आपल्या भाषेत म्हणायची आणि उरलेली अर्धी बाकीच्यांनी ज्याला जी येते त्या भाषेत, पहिले काही दिवस गोंधळ होतो मग लय बसते. एक अडचण मात्र खरी आहे, इथली कोकणी प्रार्थनेची पुस्तकं बहुतेक रोमी लिपीत असतात आणि आपल्याकडून आलेल्या सुनेला ती वाचताना अडखळायला होतं. त्यावर सोपा उपाय, दोनशे पानी वही घ्या आणि सासूबाईंच्या शेजारी बसून त्या म्हणतील तसं देवनागरीत उतरवून घ्या. हे काम एका बैठकीत होणार नाही आणि होऊही देऊ नका. एक लादाईन उतरवता उतरवता त्या कधी लग्न होऊन आल्या, कुठल्या क्रुसापाशी कुणी काय नवस केला होता, कुणाच्या पेरूच्या झाडावरून भांडण झालं होतं हे सगळं बाहेर येतं. सासू-सुनेचं सूत जुळायला मला तरी याच्याइतकं काही उपयोगी पडलं नाही.

आणि मराठी परकी समजू नका इथे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यातल्या सासष्टीत राहून ख्रिस्तपुराण मराठीत लिहिलं, ते 1616 मध्ये राशोल इथे छापलं गेलं, जवळजवळ 11 हजार ओव्या, ज्ञानेश्वरी-एकनाथी वाचणाऱ्याला ओळखीची वाटेल अशा चालीत. उपासकाळात (ईस्टरआधीच्या दिवसांत) रविवारी घरातल्या आजीला त्यातल्या पाच-दहा ओव्या मोठ्याने वाचायला लावा. जुनी भाषा आहे, सगळं कळत नाही, पण कानाला गोड लागतं आणि आजीला घरात एक काम मिळतं.

वेळ आणि जागा

गोव्यात अर्धी घरं शिफ्टवर चालतात. कुणी कलंगुटच्या हॉटेलात, कुणी वेर्ण्याच्या कंपनीत, कुणी हॉस्पिटलात नाईट करतंय. सगळे जमतील अशी वेळ शोधत बसलात तर ती कधीच सापडणार नाही. घरात जे दोघं-तिघं असतील त्यांनी ठरलेल्या वेळेला बसायचं, उशिरा येणाऱ्याने जिथे चाललंय तिथे सामील व्हायचं, त्याला कुणी घड्याळ दाखवायचं नाही. जेवणाच्या आधीची वेळ बरी, जेवणानंतर झोप येते.

घरातल्या आल्तारासमोर (देव्हाऱ्यासमोर) जागा असेल तर उत्तमच, भाड्याच्या वन बीएचकेमध्ये टीव्हीच्या शेजारची फळीसुद्धा चालते. क्रूस, बायबल, मेणबत्ती एवढं पुरे. मेणबत्ती पडद्यापासून लांब ठेवा आणि संपल्यावर विझवा, पावसाळ्यात वारा कुठून येतो कळत नाही. फोन दुसऱ्या खोलीत. परदेशातलं कुणी व्हिडिओवर असेल तर तेवढा एक फोन बायबलला टेकवून ठेवायचा.

आता महत्त्वाचं, भांडण

येशूने मत्तय 5 मध्ये स्पष्ट सांगितलंय की वेदीजवळ अर्पण घेऊन आलास आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. आपण हे मिस्सामध्ये ऐकतो आणि घरी उलट करतो, तोंड फुगवून रोझरी म्हणतो. पोरांना सगळं कळतं. आईबाबा दोन दिवस बोलत नाहीयेत आणि नमो मरिया मात्र सुरात चाललीय, हे बघून मूल काय शिकतं सांगा.

म्हणून बसायच्या आधी दोन मिनिटं. अख्खं भांडण सोडवायची गरज नाही, तेवढ्यात सुटणारही नाही. फक्त एवढं म्हणायचं की सकाळी माझा आवाज चढला, त्यासाठी सॉरी, बाकीचं आपण उद्या बोलू. पोप फ्रान्सिस कुटुंबांना तीन शब्द सांगायचे, परवानगी विचारायचा, आभाराचा आणि माफीचा, आणि 2015 मधल्या एका बुधवारच्या शिकवणीत त्यांनी याच तीन शब्दांवर बोलून सांगितलं होतं की समेट केल्याशिवाय दिवस संपवू नका. इफिसकरांच्या पत्रात पौलही तेच सांगतो, सूर्य मावळेपर्यंत राग धरू नका. यासाठी संध्याकाळचीच वेळ धरायची, सकाळची नाही.

आणि प्रार्थनेतून टोमणे मारणं बंद. हे आपण बायका जास्त करतो आणि मनापासून करतो, वाईट हेतूने नाही. "प्रभू, या घरातल्या पुरुषांना लवकर घरी यायची बुद्धी दे." "माते, काही मुलं दिवसभर मोबाईलवर असतात त्यांना सुबुद्धी दे." ज्याला उद्देशून आहे तो समोर बसलेला असतो, त्याचे कान लाल होतात, आणि उद्यापासून तो येत नाही. नवऱ्याबद्दल देवाकडे तक्रार करायची असेल तर एकटीने करा, खुशाल रडून करा, देव ऐकतो. घरच्यांसमोर त्याच्यासाठी चांगलंच मागा, त्याच्या पाठदुखीसाठी, त्याच्या कामावरच्या टेन्शनसाठी. माझं म्हणणं एवढंच की प्रार्थनेत ज्याचं नाव येईल त्याला ते ऐकून बरं वाटलं पाहिजे. मुलांच्या मार्कांचंही तसंच, "याला गणितात पास कर" ऐवजी "याची भीती कमी कर" म्हणा.

गोव्यातलं आणखी एक दुखणं म्हणजे घराच्या वाटण्या. जुनं घर, सहा वारस, कोर्टात इन्व्हेंटरी म्हणजे वाटणीची केस, एका भिंतीच्या दोन्ही बाजूला सख्खे भाऊ आणि एकमेकांच्या मयतालाही जात नाहीत. तुमच्याकडे असं असेल तर नावांच्या वेळी त्या भावाचंही नाव घ्या. नुसतं नाव, "त्याला अक्कल येवो" असलं काही न जोडता. हक्क सोडा असं मी म्हणत नाही, वकील करा, कागद नीट ठेवा, इथल्या कायद्यात मुलांचा हिस्सा राखलेला असतो तो मागण्यात पाप नाही. पण ज्याचं नाव रोज देवासमोर घेतो त्याला शिव्या घालणं हळूहळू जड जायला लागतं, आणि मुलांना कळतं की काका हा शत्रू नाही, केस चालू आहे एवढंच.

जिथे नुसती प्रार्थना पुरत नाही

हे लिहिणं मला गरजेचं वाटतं कारण अजूनही काही जण सांगतात, सहन कर, रोझरी धर, सगळं ठीक होईल. नवरा पिऊन मारत असेल तर आधी सुरक्षित जागी जा. 112 ला फोन करा, महिलांसाठी 181 आहे, मुलांसाठी 1098. मार खात राहणं हा क्रूस नाही, येशूने कुणालाही कुणाच्या हातचा मार खायला लग्नात बांधलेलं नाही. दारू सोडायची इच्छा असलेल्यासाठी अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या मीटिंगा गोव्यात होतात, फादरना विचारा, जवळची कुठली ते बहुतेकांना माहीत असतं, आणि घरच्यांसाठी वेगळे गट असतात तेही विचारा, कारण पिणाऱ्याइतकीच घरच्यांची तब्येत गेलेली असते.

झोप न लागणं, सारखं रडू येणं, कशातच मन न लागणं हे आठवड्यांमागून आठवडे चाललं असेल तर तो विश्वास कमी पडल्याचा पुरावा नाही. 14416 हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट, आणि बांबोळीला मानसोपचाराचं सरकारी हॉस्पिटल आहे. गोळी चालू असतानाही रोझरी म्हणता येते, उलट जास्त शांत चित्ताने म्हणता येते. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता, हे आपण विसरतो. आणि अशा माणसाला घरात प्रार्थनेसाठी ओढून बसवू नका, तो पलंगावर पडून ऐकत असेल तरी पुष्कळ झालं. बाकीच्यांनी त्याच्या खोलीचं दार उघडं ठेवून बसावं.

घरात वेगळ्या धर्माचं माणूस असेल तर

गोव्यात हे नवीन नाही. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीच्या, म्हणजे मरियामातेच्या फेस्ताला (सणाला) हिंदू लोक तेल घेऊन येतात, शिरगावची देवी लईराई तिची बहीण असं दोन्हीकडचे म्हातारे सांगतात. आपल्या घरात हिंदू सून किंवा जावई असेल तर बस म्हणून आग्रह नको आणि बाहेर जा असा इशाराही नको. आभार मानायच्या फेरीत ते आनंदाने बोलतात, कारण ते सगळ्यांचं असतं. नमो मरिया म्हणायची त्यांच्यावर सक्ती नाही. त्यांच्या आई-वडिलांची नावं आजारी-पाजारींमध्ये घ्या, चवथीला त्यांच्या माहेरी आपण गेलो तर पंचखाद्य खाऊन या, तोंड वाकडं करू नका. लग्नच व्हायचं असेल तर तारीख काढायच्या आधी पॅरिशच्या फादरना भेटा, चर्चमध्ये लागायचं असेल तर बिशपांची परवानगी लागते, आणि मुलांचा बाप्तिस्मा, त्यांना विश्वासात वाढवणं याबद्दल कॅथलिक जोडीदाराला शब्द द्यावा लागतो. हे दोन्ही घरांना आधीच माहीत असू दे, नंतर कळलं की फार दुखतं.

मोठी झालेली मुलं

पंधरा-सोळाव्या वर्षी मूल म्हणतं माझा विश्वास नाही. घाबरू नका, वादही नको. त्याला काम द्या, गिटार येत असेल तर एक गाणं वाजव, नाहीतर मेणबत्ती लाव, वाचन कर. बसायचं नसेल तर घरात शांत राहायचं एवढीच अट. पण बेसांवला बोलवा. विश्वास नाही म्हणणारी पोरंसुद्धा बेसांवला येतात.

लांब असलेले

बाबा बोटीवर, दादा दुबईत, ताई पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडमधल्या स्विंडनला, अशी घरं गोव्यात वाड्यावाड्यात आहेत. इंग्लंड आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेचार तास आणि हिवाळ्यात साडेपाच तास मागे, म्हणजे आपले सात वाजतात तेव्हा ताई कामावर असते. त्यामुळे रोजचा हट्ट नको, रविवारचा एक दिवस ठरवा. बोटीवरच्याला नेटवर्क मिळेल तेव्हा ऐकता यावं म्हणून मुलांनी बेसांव व्हॉइस नोटवर मागायचा आणि त्याने जमेल तेव्हा आशीर्वाद पाठवायचा. असा पाच सेकंदांचा मेसेज माणूस महिनोन् महिने डिलीट करत नाही.

म्हातारी माणसं एकटी असतील तर आठवड्यातून एकदा तरी आपलं दशक त्यांच्या घरी जाऊन म्हणा. चर्चला जाता येत नसेल त्यांना घरी कम्युनियन (ख्रिस्तप्रसाद) मिळतं, पॅरिश ऑफिसमध्ये नाव द्यावं लागतं, ते तुम्ही जाऊन द्या.

सण आले की त्याच्यातच मिसळून घ्या. 24 नोव्हेंबरपासून सायबाची, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरची नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना), 3 डिसेंबरला फेस्त, मग गोठा, मग नाताळ. घरोघरी फिरणारी सायबिणीची मूर्ती आपल्या घरी येते त्या संध्याकाळी चणे उकडून वाटले तरी पुरे, केटरिंग करून कर्ज काढायचं कारण नाही, शेजारणीने काय ठेवलं होतं ते बघू नका. राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला उपास असतो, त्या दिवशी वाचलेले जेवणाचे पैसे मुलांच्या हाताने कुणा गरजूला द्या.

मध्येच सुटेल, हे धरूनच चाला. ताप येईल, पाहुणे येतील, फेस्ताचा आठवडा येईल, लाईट जाईल आणि सगळे चिडलेले असतील. सुटलेल्या दिवसांची भरपाई करायची नाही, आणि कुणामुळे सुटलं याची चर्चा तर अजिबात नाही. ज्या दिवशी आठवेल त्या दिवशीचं एक दशक. आज गुरुवार असेल तर प्रकाशाचं दुसरं रहस्य घ्या, काना गावच्या लग्नाचं, सुरुवात करायला घरातल्या घरात याच्यासारखं दुसरं नाही. आणि घरात कुणी तयार नसेल तर आज तुम्ही एकट्यानेच बसा, मोठ्या आवाजात म्हणा, दार बंद करू नका.